नऊ तास ऑफिसात, काम किती?

आज मुद्दाम घड्याळ लावून बघितलं. ऑफिसात नऊ तास होतो आणि खरं काम, म्हणजे डोकं घालून केलेलं, झालं जेमतेम पावणेतीन तास! बाकीचा वेळ कुठे गेला म्हणाल तर दोन मीटिंगा, त्यातली एक पुढची मीटिंग कधी घ्यायची हे ठरवायला (खोटं नाही सांगत), मग 'मेल टाकलाय, बघितला का' हे विचारायला फोन, आणि फोन ठेवतोय तोवर तोच माणूस खुर्चीपाशी हजर. एकदा तंद्री मोडली की आपण कुठे होतो हे शोधण्यातच पंधरा मिनिटं जातात, तेवढ्यात पुढचा टपकतो.

बरं, दिवसाला ८ तास हे १९१९ च्या आंतरराष्ट्रीय कामगार करारात कारखान्यांसाठी आलं, तेही जास्तीत जास्त मर्यादा म्हणून. आता तो खुर्ची उबवायचा कोटा झालाय. काम चारला संपलं तरी उठायची सोय नाही, साहेब बसलेत ना! मग सगळे गंभीर चेहरे करून तीच एक्सेल शीट खालीवर करत बसतात.

आणि सहाला बॅग खांद्याला लावली की कोणीतरी येणारच, "अरे, पाच मिनिटं आहेत का?"