ट्यूलिपची कुंडी आणि फिरणारा मजकूर

थंडीची चाहूल लागली की ट्यूलिपच्या फुलांनी गच्च भरलेल्या कुंडीचा एक फोटो फिरायला लागतो. खाली मजकूर थोड्याफार फरकानं असा: कंद दोन आठवडे फ्रीजमध्ये ठेवा, कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर द्या, मातीत मूठभर बोनमील (हाडांचा चुरा) आणि शेणखत मिसळा, कुंडी अंगणात किंवा गॅलरीत ठेवून रोज पाणी घाला, फुलं सुकली की पानं छाटा, तोच कंद दरवर्षी फुलेल.

‘दोन आठवडे फ्रीजमध्ये.’ ट्यूलिपला थंडी लागते, एवढं यातलं खरं. चूक मोजमापात आहे, आणि ती सगळ्यात महागात पडते. लावणीच्या दिवसांत चांगला कंद उभा चिरला, तर आत इवलंसं फूल तयार दिसतं. पाकळ्या, पुंकेसर, सगळं जागच्या जागी. ते फूल वर उचलणारा दांडा लांब वाढावा म्हणून कंदाला 2 ते 9 अंश सेल्सिअसची थंडी सलग 12 ते 16 आठवडे मिळावी लागते. दोन आठवड्यांत कंद नुसता गार होतो. मग पानं फुटतात, पण फूल पानांच्या बेचक्यातच अडकून बसतं, नाहीतर कळी कागदासारखी वाळून जाते. आणि आपण कंद विकणाऱ्याला नावं ठेवतो.

जिथे हिवाळाच तेवढा लांब आणि गार असतो, तिथे फ्रीजची गरजच नाही. शरद सरता सरता, माती गार झाल्यावर कंद कुंडीत लावायचे आणि कुंडी बाहेर ठेवायची; उरलेलं काम ऋतू करतो. फ्रीज लागतो तो हिवाळा सौम्य असेल तिथे. तिथेही कंद कागदी किंवा जाळीच्या पिशवीत ठेवायचे आणि त्याच फ्रीजमध्ये सफरचंदं किंवा पिकणारी फळं ठेवायची नाहीत. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं कंदातलं ते तयार फूल आतल्या आत मरतं. बाहेरून कंद टणकच दिसतो, त्यामुळे कळतही नाही. फ्रीजरमध्ये तर मुळीच नको. बाहेर काढल्यावर लगेच लावायचे, तेही वर्षातल्या सगळ्यात गार दिवसांत.

‘तळाशी खडी.’ हा सल्ला ट्यूलिपपुरता नाही, सगळ्याच कुंड्यांना चिकटलेला आहे. मीही वर्षानुवर्षं खडी टाकत होतो. खडीतून पाणी सरसर जातं हे डोळ्यांना पटतं, पण बारीक कणांच्या मातीनं धरलेलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. वरचा थर पुरता भिजून तुडुंब झाल्यावरच ते खडीत जातं. म्हणजे कुंडीच्या बुडाशी राहिला असता तो चिखलाचा पट्टा खडीमुळे उचलून कंदाजवळ येतो. खात्री करायची असेल तर भिजलेला स्पंज आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या, मग तो उभा करा. आणखी पाणी गळेल. मातीचा थर जितका उंच, तितका वरचा भाग मोकळा राहतो. खडी घालून आपण तीच उंची कमी करतो. निचरा हवा तर बुडाला पुरेशी भोकं, मातीत परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे दाणे) किंवा जाडी वाळू, आणि कुंडीखाली दोन-तीन विटांचे तुकडे. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एखादं खापर ठेवलंत तर हरकत नाही.

‘बोनमील आणि शेणखत.’ या वर्षीच्या फुलाची शिदोरी कंदातच असते, त्यामुळे लावताना खताची घाई नको. ताजं शेणखत तर कंद कुजवायला कारण होतं.

‘रोज पाणी.’ लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्यायचं, कारण मुळं त्या गार मातीतच फुटतात. पुढे बोट खुपसून बघायचं. वरची माती कोरडी लागली तरच पाणी. रोज पाणी पिणारा कंद वसंतापर्यंत मऊ पडतो. उलट छपराखाली ठेवलेली कुंडी हिवाळाभर विसरली जाते आणि मुळं सुकतात, तेही होतं.

कडक थंडीबद्दल मात्र मजकुरात अवाक्षर नाही. जमिनीतल्या कंदाला भोवतालची माती सांभाळते. कुंडीत गारठा चारही बाजूंनी शिरतो. माती गोठत-वितळत राहिली की मुळं तुटतात, कंद वर ढकलले जातात, मातीची कुंडी तडकते. म्हणून अशा दिवसांत कुंड्या भिंतीलगत एकमेकींना खेटून ठेवायच्या आणि भोवती गोणपाट गुंडाळायचं.

‘पानं छाटा, तोच कंद दरवर्षी फुलेल.’ इथे तर एकाच वाक्यात दोन चुका. फुलून झालेला ट्यूलिपचा कंद संपतो. त्याच्या जागी नवे पिल्ले कंद तयार होतात, आणि ते पोसतात पानं. ती आपोआप पिवळी पडेपर्यंत, साधारण सहा आठवडे, राहू द्यायला हवीत. काढायचं ते फक्त सुकलेल्या फुलाचं बोंड. खत द्यायचंच असेल तर ते कोंब वर आल्यावर, या पिल्लांसाठी.

एवढं करूनही कुंडीत दुसऱ्या वर्षी बहुधा एकच रुंद पान येतं. या झाडाचे पूर्वज मध्य आशियातल्या डोंगरांवरचे. तिथे उन्हाळ्यात कंद कोरड्या मातीत झोपतात. आपण त्याच कुंडीत दुसरं रोप लावून उन्हाळाभर पाणी घालतो. परत फुलायची आशा धरायचीच असेल तर ट्युलिपा क्लुसियाना किंवा ट्युलिपा टार्डासारख्या लहान चणीच्या रानजाती घ्याव्यात. मोठ्या फुलांचे कंद मी एका हंगामाचेच धरतो.

आणि एका हंगामाचे धरले की फोटोतली ती गच्च कुंडी जमते. पिल्लांना पोसायची जागा ठेवायची नसल्यामुळे 30 सेंटिमीटर रुंद कुंडीत 12 ते 15 कंद, एकमेकांना जेमतेम न टेकणारे, 12 ते 15 सेंटिमीटर खोल बसवता येतात. कडेच्या कंदांची चपटी बाजू कुंडीच्या काठाकडे करायची. पहिलं मोठं पान त्याच बाजूनं निघतं आणि काठावरून बाहेर झुकतं.