सरड्याची धाव अंथरुणापर्यंत

आमचे चिरंजीव पुण्याला इंजिनिअरिंगला गेले तेव्हा घरी तीन वस्तू ठेवून गेले. एक पंक्चर सायकल, एक दोन तारा तुटलेली गिटार आणि चार फूट बाय दोन फुटांच्या काचेच्या पेटीत एक सरडा. सायकल आणि गिटारीला खायला लागत नाही, एवढाच फरक.

"सरडा नाही बाबा, बिअर्डेड ड्रॅगन," तो रिक्षात बसता बसता बजावून गेला. मूळ ऑस्ट्रेलियाचा. रंग पिवळट-नारिंगी, त्यामुळे नागपूरच्या घरात त्याचं नाव संत्र्या पडलं, यात कोणाची प्रतिभा खर्ची पडली नाही. लांबी दीड फूट, त्यात बरीचशी शेपूट. गळ्याखाली काटेरी दाढी, राग आला की ती फुगते आणि काळी पडते. आणि अधूनमधून तो पुढचा एक पाय उचलून हवेत सावकाश गोल फिरवायचा. मी समजलो, नमस्कार करतोय. मीही रोज सकाळी "नमस्कार जी" म्हणू लागलो. पुढे फोनवर कळलं की त्याच्या भाषेत याचा अर्थ 'तुम्ही मोठे, मी लहान, मला काही करू नका' असा होतो. बँकेत बत्तीस वर्षं काढली, पण मला इतकं स्पष्टपणे मोठं मानणारा हा पहिलाच.

चिरंजीवांनी एक कागद चिकटवून ठेवला होता. ऊन शेकायच्या जागी चाळीसच्या आसपास तापमान, दुसऱ्या टोकाला पंचवीस-सत्तावीस, वर यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची, ट्यूब. आईनं चष्मा लावून वाचलं. "चाळीस? मग लाइट कायले जाळता? उन्हाळ्यात गच्चीवर नेऊन ठेवा." आईचं चूक नव्हतं, पण आपल्याकडे उन्हाळा चाळिसावर थांबत कुठे? २३ मे २०१३ ला या गावानं ४७.९ पाहिले आहेत. त्यात ऑस्ट्रेलियाचा पाहुणाही सावली शोधत आईच्या पदराखाली आला असता.

कागदावरची शेवटची ओळ होती : 'सबस्ट्रेट वेळेवर बदलणे.' कोणता, कधी, कुठून, काही नाही. सबस्ट्रेट हा शब्द मी शेवटचा अकरावीच्या जीवशास्त्रात ऐकला होता आणि तिथेच सोडला होता. चौकशीअंती कळलं की पेटीच्या तळाशी जे अंथरतात ते. म्हणजे अंथरूण! एवढंच ना? आमच्या घरात अंथरूण पाहून पाय पसरायची रीत. इथे पाय पाहून अंथरूण शोधायचं होतं, आणि पाय चार होते.

सुरुवात वर्तमानपत्रानं केली. स्वच्छ, फुकट, रोज नवं. पण संत्र्याच्या जेवणात रातकिडे असतात, आणि रातकिड्यांना कागदाच्या घडीखाली बिऱ्हाड थाटायला फार आवडतं. रात्री दोन वाजता हॉलमधून किर्र सुरू झालं की बायको मला हलवायची, "अहो, तुमचं जेवण गाऊन राहिलं." माझं जेवण! शिवाय कागदावरून पळताना संत्र्या घसरायचा, आणि कागद बदलायचा तो शिळा हवा हे घरात कोणी मानायला तयार नव्हतं. सकाळी सात वाजता माझ्या हातात चहा असायचा आणि अग्रलेख संत्र्याच्या खाली.

तेवढ्यात शेजारच्या काकांनी पेटीत डोकावून पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "भाऊ, घोरपड आहे का हे? फॉरेस्टवाले येतील." त्यांना बसवून सांगितलं की घोरपड, तारा कासव, आपल्याकडचे साप हे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घरात ठेवता येत नाहीत, हा परदेशी, पिंजऱ्यातच पैदास झालेला, पावती फायलीत आहे. काकांचं समाधान झालं. समाधान झालेला नागपूरकर सल्ला देतो. "मंग वाळू टाका न जी! वाळवंटातला प्राणी हाय तो. समोरच्या साइटवर कन्हान नदीची वाळू पडून हाय, एक नंबर."

एक नंबर होतीच. वॉचमनला सांगून दोन घमेली आणली. बायकोच्या रव्याच्या चाळणीनं चाळली (हे तिला आजही माहीत नाही, आता होईल), सात पाण्यांनी धुतली, गच्चीवर पसरली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर बिल्डिंगच्या मांजरीनं आपल्यासाठी सोय झाली असं समजून उद्घाटन केलेलं. परत चाळली, परत धुतली. शेवटी पेटीत ओतली, मधे एक दगड ठेवला, लांब जाऊन पाहिलं. ऑस्ट्रेलिया! मी फोटो काढून चिरंजीवांना पाठवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला अर्ध्या मिनिटात फोन केला.

"बाबा, वाळू काहून टाकली? आधी काढा ते!"

मग कळलं की हे प्राणी ज्या मध्य ऑस्ट्रेलियात राहतात तिथे वाळूच्या टेकड्यांपेक्षा उन्हानं भाजून कडक झालेली चिकणमाती आणि झुडपं जास्त. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उंट येतो, हा आपला दोष. त्यात यांना जमिनीला जीभ लावून चव घ्यायची सवय. सुटी वाळू पोटात जाते, आणि पेटी पुरेशी गरम नसली, पाणी नि कॅल्शियम कमी पडलं, तर ती आत साचून राहते. मग सगळाच कारभार ठप्प. दुकानात कॅल्शियमची रंगीत वाळू मिळते, ती पचते असं पाकिटावर लिहिलेलं असतं, पण ओली झाली की तिचे गोळे होतात. मी वाळू उपसली आणि बाल्कनीत पोत्यात भरून ठेवली. घरातली कुठलीही वस्तू टाकून द्यायची नाही, हा आमच्या पिढीचा आजार.

आता ही गोष्ट बिल्डिंगभर झाली. प्रत्येक मजल्यावरून एकेक अंथरूण येऊ लागलं. वरच्या वहिनींकडे सुताराचं काम चालू होतं, त्यांनी पोतंभर रंधा मारलेला भुसा पाठवला. पण पाइन आणि देवदार यांच्या वासाच्या तेलानं सरड्याच्या फुप्फुसांना त्रास होतो, आणि या भुश्यात त्याहीपेक्षा प्लायवूडचा गोंद जास्त होता. परत. कूलरवाला खसाच्या ताट्या बदलायला आला होता, तो म्हणाला, "साहेब, खस टाका, थंडगार राहील." थंडगार आणि ओलसर या दोनच गोष्टी त्याला चालत नाहीत. कोणी अक्रोडाच्या टरफलांचा चुरा सुचवला. त्याची टोकं टोचतात, आणि तो पोटात गेला तर वाळू बरी. आईनं तेवढंच ऐकलं. "आम्हाले दिवाळीले अक्रोड भेटत नाही, नि याच्या बुडाखाली टाकता?" हिरवा गालिचा मिळतो तोही आणला. त्याच्या धाग्यात संत्र्याचं नख अडकलं, ते सोडवताना संत्र्यानं दाढी काळी केली आणि मी चेहरा. संपलं ते प्रकरण.

कोकोपीटचं मात्र सविस्तर सांगायला हवं.

नर्सरीतल्या पोरानं पाच किलोची एक वीट दिली. नारळाच्या काथ्याचा दाबून बसवलेला भुसा. वीट दिसायला सोज्वळ, आपल्या बांधकामाच्या विटेपेक्षा बरीच मोठी. "पाणी टाकलं का फुगते," तो म्हणाला. किती, हे मी विचारलं नाही, कारण एक वीट फुगून फुगून किती फुगणार? रविवारी दुपारी तिला बाथरूममधल्या बादलीत ठेवली, वर बादलीभर पाणी ओतलं आणि जेवायला बसलो. वरण-भात संपेपर्यंत पाणी गायब. आणखी पाणी ओतलं. ताक पिऊन आलो तर वीट बादलीच्या बाहेर येऊन दम घेत होती. दुसरी बादली घेतली. मग टब. मग आईचं कपडे भिजवायचं घमेलं. अशा विटेचा साठ-सत्तर लिटर भुसा होतो हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की मी जितका उपसतो तितका तो वाढतो. बायको दारात येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त बोललेली असते. संध्याकाळी आंघोळीला बाथरूम मोकळं नाही म्हणून आई शेजारी गेली आणि जाताना कारण सांगून गेली.

एवढं करून कळलं काय, तर कोकोपीट जंगलातल्या, दमट हवेत राहणाऱ्या सापा-सरड्यांसाठी. आमच्यासाठी ओलं असताना दमट आणि सुकल्यावर धुळीचं. दोन्हीकडून नापास. पुढचा महिनाभर मी बिल्डिंगमधल्या प्रत्येक कुंडीत मूठमूठ भरत फिरत होतो. आमच्या तुळशीला त्या वर्षी जी पानं फुटली, ती पाहून लोक खत कोणतं विचारायचे.

शेवटी उत्तर घरातच निघालं. ओटा करताना उरलेली शहाबादी फरशी जिन्याखाली होती. कोटा फरशीवाल्यानं मापात कापून दिली. खडबडीत, म्हणून पाय घसरत नाही. दिव्याखाली तापते, ऊब धरून ठेवते. नखं आपोआप घासली जातात. ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. संत्र्या तिच्यावर पोट टेकून असा पसरला की मला स्वतःच्या गादीची लाज वाटली. सहा महिने सुखात गेले.

मार्चच्या शेवटी त्यानं फरशी उकरायला सुरुवात केली. दिवसभर खर्र, खर्र. जेवण बंद. फरशी शहाबादची आहे, हे त्याला कोण सांगणार? घाबरून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी शेपूट हलकेच वर करून मुळाशी पाहिलं. नराला तिथे दोन उंचवटे असतात म्हणे. यांना मधोमध एक.

"हा संत्र्या नाही जी, संत्री आहे. अंडी घालायची आहेत तिला."

"पण... एकटीच आहे ती."

"नर नसला तरी घालतात. फुटणार नाहीत एवढंच. पण उकरायला जागा नाही मिळाली तर अंडी आत अडकतात. ओलसर माती द्या लवकर."

माती! एवढे महिने जी सोडून सगळं अंथरलं, ती. कालवायला वाळूही लागणार होती, आणि ती बाल्कनीत पोत्यात होती. (टाकून द्यायची नाही म्हणतो ते यासाठी.) काळी माती नको, ती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते, बोगदा धरत नाही. साधी बागेची माती, बिनखताची, त्यात कन्हान. पाणी किती? इथे आईनं सूत्रं हातात घेतली. बाह्या सारून परातीत हात घातला. "मुटका वळला पाहिजे. हातातून पाणी गळलं तर जास्त, फुटला तर कमी." इंटरनेटवर तीन पानं वाचून मी जिथे पोचलो नव्हतो तिथे आई मुटक्यांवरून एका मुठीत पोचली. मोठ्या डब्यात वीतभर थर दाबून भरला. संत्री आत गेली ती दुपारभर फक्त शेपूट बाहेर. "गर्दी करू नका," म्हणून आईनं पेटीवर चादर टाकली.

संध्याकाळी चादर काढली तर खड्डा बुजवलेला, वरून नाकानं ठोकून ठोकून असा सपाट केलेला की महापालिकेच्या रस्त्याला जमणार नाही. संत्री थकून फरशीवर बसली होती. चिरंजीवांचा फोन आला. "कसा आहे संत्र्या?"

"कशी. बाळंत झाली."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला की अंडी काढून घ्या, तशीच राहिली तर सडतील. मी बाही वर केली, डब्यात हात घातला, आणि मोजायला लागलो. एकवीस. बाविसावं हाताला लागलं तेव्हा सहज वर पाहिलं. संत्री फरशीच्या कडेला येऊन उभी होती. तोंड उघडं. दाढी कोळशासारखी काळी.

मी हात तिथेच थांबवला. दुसरा हळूच उचलला आणि हवेत सावकाश गोल फिरवला.