मल्ल्याला बरॅकचा व्हिडिओ, आपल्याला बाजीराव

काल चिंचपोकळीच्या कट्ट्यावर नील्या जाम तापला होता. विषय तहव्वूर राणा. त्याने अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात सांगितलं होतं की मला भारतात पाठवू नका, तिकडे माझा छळ होईल. नील्या म्हणे, "च्यायला 26/11 चा आरोपी आणि ह्याला छळाची भीती? असली कलमं ह्यांना सुचवतं कोण?"

वंदू वकील आहे, ती लगेच सुरू झाली. "सुचवायला कशाला पाहिजे, युनोचा 1984 चा छळविरोधी करार आहे, त्यातलं तिसरं कलमच ते. छळ होईल अशी सबळ शंका असेल तर माणूस त्या देशाच्या ताब्यात द्यायचा नाही. राणाचं कोणी ऐकलं नाही, एप्रिल 2025 ला आणलाच त्याला. पण बंगालमधल्या पुरुलियात विमानातून शस्त्रं टाकल्याचा आरोप असलेला किम डेव्ही? 2011 ला डेन्मार्कच्या कोर्टाने साफ नाही म्हटलं, कारण हेच. आणि मल्ल्याला इकडे पाठवायचं का ठरवताना लंडनच्या कोर्टाने आर्थर रोड जेलच्या 12 नंबर बरॅकचा व्हिडिओ मागवला होता, दिवसाउजेडी काढलेला, आत ऊन येतं का बघायला."

आर्थर रोड आमच्यापासून चालत जाण्यासारखं, त्यामुळे सगळे हसले. बाकीच्या बरॅकीत माणसं खच्चून भरलीयत, त्यांचा व्हिडिओ कोण मागवतोय!

"आणि ह्याच करारावर आपण ऑक्टोबर 1997 ला सही केलीय. नुसती सही, मान्यता, म्हणजे करार पाळायला बांधील होणं, ते आजपर्यंत नाही. 2010 ला छळविरोधी बिल लोकसभेत पास झालं, राज्यसभेत अडकलं, 2014 ला ती लोकसभा संपली तसं तेही बाद झालं."

इथे माने काका बोलले. काका रिटायर्ड हवालदार. "वंदना, कागदावर सगळं बरोबर आहे गं. पण सराईत माणूस हात जोडून विचारलं तर बोलतो का? बाजीराव नुसता टेबलावर ठेवला तरी अर्धं काम व्हायचं." बाजीराव म्हणजे पोलिसांचा तो आरोपीला मारायचा मुठीचा पट्टा, काकांनी कोपरापासून बोटांपर्यंत हात धरून लांबी पण दाखवली, आणि दाखवताना हसत होते, ते मला काही बरं वाटलं नाही.

वंदू म्हणाली, "काका, बोलतो, पण काय बोलतो? लोकलमधले बॉम्बस्फोट घ्या, 11 जुलै 2006. कबुलीजबाब होते, शिक्षा झाल्या, पाच जणांना फाशीची. आणि जुलै 2025 ला हायकोर्टाने बाराच्या बारा दोषींना निर्दोष ठरवलं, कबुल्या मारून घेतल्या असं निकालातच आहे. सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय ते ठीक, पण 19 वर्षांनी गेलेल्यांच्या घरच्यांनी विचारायचं कोणाला, की बॉम्ब ठेवले कोणी?"

काका गप्प. स्फोट झाले वेस्टर्न लाईनच्या गाड्यांत, आणि आमच्याकडची माणसं रोज त्याच लाईनने जायची, त्यामुळे ह्यावर नील्यालाही काही सुचेना. मग त्याने गाडी वळवली, "पण सही करून तरी काय दिवे लागतात? तो बायकांशी भेदभाव नको म्हणणारा युनोचा करार केला ना मान्य, सिडॉ, मग?"

"केला, 1993 ला. आणि लागले दिवे. ऑगस्ट 1997, विशाखा केस. ऑफिसमधल्या लैंगिक छळावर तेव्हा आपल्याकडे धड कायदाच नव्हता, सुप्रीम कोर्टाने त्या कराराचा आधार घेऊन नियम घालून दिले. तुझ्या ऑफिसात असल्या तक्रारींची कमिटी आहे ना, तिचं मूळ तिथे. कायदा यायला 2013 उजाडलं, तोपर्यंत ह्याच नियमांवर चाललं."

म्हणजे बघा, विशाखाचा निकाल आणि छळविरोधी करारावरची सही एकाच वर्षी, दोन महिन्यांच्या अंतराने. मान्य केलेल्या कराराला कोर्टाने हाताशी धरलं, आणि नुसती सही केलेला तसाच पडून राहिला, त्याच्यासाठी कायदा करायला लावा म्हणून मागणी सुप्रीम कोर्टात गेली तर 2019 ला कोर्ट म्हणालं कायदा करणं संसदेचं काम. माझ्या मते सरकारला हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर सहीवर भागवलंय.

पण सिडॉतही आपण मेख मारून ठेवलीय हां. लग्न आणि सामाजिक रूढींच्या कलमांवर लिहून दिलंय की कुठल्याही समाजाच्या खाजगी बाबीत त्या समाजाने पुढाकार घेऊन संमती दिल्याशिवाय आम्ही हात घालणार नाही. वंदूने हे सांगितल्यावर पहिल्यांदाच काका आणि नील्या एकदम म्हणाले, बरोबर आहे की!

"समाज म्हणजे कोण? तुम्ही दोघं?" वंदू भडकली. त्यावरून जी जुंपली ती साडेअकरापर्यंत, शेवटी वरच्या गॅलरीतून काकूंनीच काकांना हाक मारली.