आठ कोअरची अट, आणि ती घालायची वेळ

कॉम्प्युटर प्रोग्रॅमच्या आपापसात बुद्धिबळ स्पर्धा होतात असं सांगितलं की लोक आधी हसतात. दोन्ही बाजूंना यंत्रंच, मग बघायचं काय? बघायचं भरपूर असतं, आणि भांडायचं त्याहून जास्त. सगळ्यात जुनं आणि अजून न मिटलेलं भांडण म्हणजे हार्डवेअर. कोणी केवढं मशीन आणायचं, आणि हे ठरवायचं कधी. पहिल्या प्रश्नावर खूप लिहून झालंय. माझा राग दुसऱ्यावर आहे.

ऑक्टोबर २००८. बीजिंगला जागतिक कॉम्प्युटर बुद्धिबळ स्पर्धा झाली. प्रोग्रॅमर राजलिच यांचा रिब्का हा प्रोग्रॅम ४० कोअरच्या क्लस्टरवर (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला गणित करणारा एक स्वतंत्र भाग, क्लस्टर म्हणजे एकमेकांना जोडलेली अनेक मशीन) खेळला आणि ९ पैकी ८ गुण घेऊन पहिला आला. पुढची स्पर्धा मे २००९ मध्ये स्पेनमधल्या पँप्लोनाला. म्हणजे मध्ये सात महिने. तेवढ्यात आयसीजीए या आयोजक संघटनेचा नियम आला: जास्तीत जास्त ८ कोअर.

आता ही अट मुळात वाईट होती का? मला नाही वाटत. नोकरी सांभाळून रात्री कोड लिहिणारा एकटा माणूस ४० कोअर कुठून आणणार? शिवाय असली मोठी मशीन हॉलमध्ये नसतातच. ती कुठेतरी लांब चालू असतात आणि पटासमोर बसलेला माणूस फक्त आलेली चाल खेळतो. तिकडे नक्की काय चाललंय हे पंचांनी तपासायचं कसं? हे आक्षेप खरे आहेत. पण हे सगळे आक्षेप बीजिंगच्या आधीही तितकेच खरे होते. एका प्रोग्रॅमने मोठं मशीन आणून मैदान मारल्यावर ते आठवले, की मग तो नियम न राहता त्या प्रोग्रॅमला दिलेलं उत्तर होतं.

‘कोअर कमी केले, एवढंच ना? प्रोग्रॅम तर तोच!’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा समांतर सर्च, म्हणजे अनेक कोअरवर एकाच वेळी चाली शोधणारा कोड, लिहून बघावा. बुद्धिबळाचा सर्च हा स्वभावाने एकामागून एक चालणारा आहे. एका चालीचं उत्तर कळलं की त्यावरून पुढच्या कितीतरी फांद्या न बघताच छाटता येतात. दहा जणांना एकाच वेळी कामाला लावलं की एकाचं उत्तर दुसऱ्याला कळेपर्यंत त्याने तीच निरुपयोगी फांदी अर्धी खणून ठेवलेली असते. म्हणून कोअर दुप्पट केल्याने ताकद दुप्पट होत नाही. त्यातही क्लस्टर म्हणजे वेगवेगळी मशीन नेटवर्कने जोडलेली, मेमरी सामायिक नाही, प्रत्येक निरोपाला वेळ लागतो. हे नीट चालवणं म्हणजे प्रोग्रॅमिंगच, आणि माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात अवघड प्रोग्रॅमिंग. त्यावर वर्षं घालवलेल्याला सात महिन्यांच्या फटीत ‘आता आठच’ सांगायचं, म्हणजे मातीत तयार झालेल्या पैलवानाला ऐन कुस्तीच्या तोंडावर गादीवर उतरवण्यासारखं आहे.

मजा अशी की पँप्लोनाला ८ कोअरवरही रिब्काच जिंकला. गुण पुन्हा ९ पैकी ८! म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्याच्या निकालात अर्ध्या गुणाचाही फरक नाही. आणि पुढे २०११ मध्ये याच आयसीजीएने रिब्काची २००७ ते २०१० ची चारही विजेतेपदं काढून घेतली. त्यात हार्डवेअरचा संबंध शून्य. आरोप होता फ्रूट आणि क्राफ्टी या प्रोग्रॅममधून कोड उचलल्याचा. सगळे कोअर मोजत बसले होते आणि खरा वाद कोडच्या आत होता. (त्या चौकशीबद्दल माझी मतं आहेत, पण ती इथे नको, कॉमेंटमध्ये दोन दिवस जातील.)

मोठं मशीन म्हणजे विजय, हेही इतिहासात फारसं टिकत नाही. १९९५, हाँगकाँग. आयबीएमचा डीप ब्लूचा प्राथमिक अवतार तिथे होता. एमआयटीचा स्टार सॉक्रेटिस १८२४ प्रोसेसरच्या इंटेल पॅरागॉनवर खेळत होता. आणि फ्रिट्झ होता ९० मेगाहर्ट्झच्या पेंटियमवर, म्हणजे तेव्हा दुकानात मिळणाऱ्या पीसीवर. फ्रिट्झने डीप ब्लूच्या त्या अवताराला हरवलं, मग प्लेऑफमध्ये सॉक्रेटिसलाही, आणि स्पर्धा जिंकली. उलट उदाहरणही देतो, नाहीतर म्हणाल सोयीचं तेवढंच सांगतो. २०१५ मध्ये लायडनला जॉनी हा प्रोग्रॅम २४०० कोअर घेऊन जिंकला. त्यावर कोणी नाक मुरडलं तर मी समजू शकतो. पण मोठं मशीन आणलेलं चालतं हे तेव्हा सगळ्यांना आधीपासून माहीत होतं.

आयसीजीएला शहाणपण सुचलं ते २०१० मध्ये, कानाझावाला. मुख्य स्पर्धेवरची कोअरची मर्यादा काढली आणि सगळ्यांना एकसारख्या मशीनवर खेळवणारी वेगळी सॉफ्टवेअर स्पर्धा सुरू केली. ती श्रेडरने जिंकली. हेच २००९ मध्ये करता आलं असतं.

‘एकसारखं मशीन’ हाही शब्द आता सरळ राहिलेला नाही. लीला हा न्यूरल नेटवर्कवर चालणारा प्रोग्रॅम २०१८ मध्ये टीसीईसी या प्रोग्रॅमच्या ऑनलाइन स्पर्धेत पहिल्यांदा आला, तेव्हा सीपीयूवर, म्हणजे नेहमीच्या प्रोसेसरवर, खेळून तळाला राहिला. मग आयोजकांनी जीपीयू (ग्राफिक्सचे प्रोसेसर, न्यूरल नेटवर्क त्यांच्यावर वेगाने चालतं) उपलब्ध करून दिले आणि २०१९ मध्ये त्याने सुपरफायनलला सीपीयूवर चालणाऱ्या स्टॉकफिश या प्रोग्रॅमला ५३.५–४६.५ असं हरवलं. सीपीयूवाल्यांनी अन्याय म्हणून ओरड केली. माझ्या मते टीसीईसीचं बरोबर होतं. मशीन आयोजकांचं, बदल दोन सीझनच्या मध्ये, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. जीपीयू आणि सीपीयू यांची बरोबरी किमतीने करायची की विजेच्या वापराने, यावर वाद घाला. मला कुठलंही उत्तर चालेल, फक्त ते पहिल्या डावाआधी बऱ्याच महिन्यांपूर्वी छापलेलं हवं.

अटी एकाच पक्षाने ठरवल्या तर काय होतं ते डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझिरो या प्रोग्रॅमने दाखवलं. डिसेंबर २०१७ मध्ये स्टॉकफिशविरुद्ध १०० डावांत २८ विजय, ७२ बरोबरी, पराभव एकही नाही. त्यात स्टॉकफिशला हॅशसाठी (आधी तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायला) १ जीबी मेमरी आणि प्रत्येक चालीला ठरावीक एक मिनिट. वेळ कुठे जास्त खर्चायचा हे ठरवण्यावर स्टॉकफिशवाल्यांनी जी मेहनत घेतली होती ती बाद! बोंबाबोंब झाल्यावर २०१८ च्या शोधनिबंधात स्टॉकफिशला ४४ कोअर आणि डावाला ३ तास देऊन १००० डाव खेळवले. अल्फाझिरो तरीही जिंकला, १५५ विजय आणि ६ पराभव. मी विश्वास ठेवतो तो या दुसऱ्या आकड्यांवर.