ईमेलमागे पस्तीस

जून लागला की कॅन्सस सिटीत मला बॅकयार्डमध्ये जायची धास्ती वाटते. कारण डास नाहीत, कुंपणापलीकडचा शेजारी आहे. गृहस्थ टपाल खात्यातून निवृत्त झालेला, एरवी देवमाणूस. आमचं पार्सल पावसात भिजू नये म्हणून स्वतःच्या गराजमध्ये नेऊन ठेवतो. पण ऑल-स्टारचं मतदान सुरू झालं की हा कुंपणावर कोपर टेकवून उभाच. मी कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालायला बाहेर आलो रे आलो की प्रश्न येतो, "दिलंस का मत?"

हे प्रकरण ठाऊक नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. बेसबॉलचा हंगाम मार्चअखेरीस सुरू होतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. छापताना चूक झालेली नाही, एकशे बासष्टच. एवढं असूनही लोकांचं पोट भरत नाही, म्हणून जुलैत अमेरिकन लीगचे निवडक विरुद्ध नॅशनल लीगचे निवडक असा आणखी एक सामना ठेवतात, तोच ऑल-स्टार. पहिला १९३३ साली शिकागोत झाला. एका वर्तमानपत्राच्या क्रीडा संपादकाची ती कल्पना. यातली सुरुवातीची फळी लोक मतं देऊन ठरवतात, फक्त पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सोडून. तिथवर लोकांवर विश्वास टाकायचं धाडस कोणी केलेलं दिसत नाही. सामना हरला काय, जिंकला काय, हल्ली त्यावर काही अवलंबून नसतं. त्यामुळे सगळी ताकद आधीच्या भांडणासाठी शिल्लक राहते.

मी ठाण्याचा. निवड समितीला शिव्या देत मोठं होणं म्हणजे काय, हे मला शिकवायला नको. पण आमच्याकडे समितीत कोणीतरी दुसरी माणसं असायची, म्हणून शिव्या देणं सोपं जायचं. इथे समिती म्हणजे आपणच. मग राग काढायचा कोणावर? तर दुसऱ्या गावच्या मतदारांवर. न्यूयॉर्कवाले संख्येच्या जोरावर जिंकतात, लॉस एंजेलिसवाले पैशाच्या, आणि आपण मात्र निव्वळ गुणवत्तेच्या. हे मला अमेरिकेतल्या प्रत्येक गावच्या माणसाने आपापल्या गावाबद्दल सांगितलेलं आहे.

तरी २०१५च्या उन्हाळ्यात जे झालं त्याला तोड नाही. त्या वर्षी स्टेडियममध्ये वाटायच्या कागदी मतपत्रिका पहिल्यांदाच बंद झाल्या आणि सगळं मतदान ऑनलाइन आलं. नियम असा की एका ईमेल पत्त्यावरून पस्तीस मतं द्यायची. एक माणूस, एक मत हे आपण नागरिकशास्त्रात शिकलो. इथे एक पत्ता, पस्तीस मतं, आणि माणसाबद्दल कोणी काही विचारतच नव्हतं.

त्यात आमचं गाव पेटलेलं. कॅन्सस सिटी रॉयल्स वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, १९८५ला जिंकले, ते त्यानंतर थेट २०१४ला बाद फेरीत पोचले. त्या वर्षी वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात बरोबरीची धाव तिसऱ्या बेसवर ताटकळत राहिली आणि विजेतेपद सॅन फ्रान्सिस्कोला गेलं. ही जखम अख्ख्या गावाने हिवाळाभर कुरवाळली आणि जूनमध्ये संगणकासमोर बसून तिचा सूड घेतला.

शेजारी आमच्याकडे आला तो सरळ मुद्द्यावर. "तुमच्या घरात ईमेल किती?"

बायकोने मोजायला सुरुवात केली. तिचा, माझा, वीजबिलासाठी काढलेला, लग्न जमवायच्या साइटसाठी काढलेला ("तो अजून चालू आहे?" असं मी विचारलं, त्यावर चर्चा झाली नाही), महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकच्या यादीसाठी काढलेला. आणि त्या उन्हाळ्यात सासूबाई पुण्याहून आलेल्या होत्या, त्यांचाही एक निघाला.

सासूबाईंना बेसबॉल कळत नव्हता, पण संध्याकाळी टीव्हीसमोर बसायला आवडायचं. सामना जिंकला की रॉयल्सचा कॅचर साल्वादोर पेरेझ मुलाखत देणाऱ्या सहकाऱ्यामागून हळूच येतो आणि त्याच्या डोक्यावर अख्खी बादली उपडी करतो. हे बघून त्या खूश व्हायच्या.

"हा गोड आहे हो. माझं मत याला."

"आई, तुम्हाला पस्तीस आहेत."

"मग पस्तीसच्या पस्तीस याला. बाकीच्या जागा तुम्ही भरा."

बाकीच्या जागा शेजाऱ्याने भरल्या. अर्थात सगळ्या निळ्या, म्हणजे रॉयल्सच्या. दुसऱ्या बेससमोर ओमर इन्फान्टेचं नाव आलं तेव्हा मी घसा खाकरला. इन्फान्टेचं ते वर्ष फलंदाजीत अगदी वाईट चाललं होतं. हंगामाअखेर त्याची सरासरी .२२० भरली आणि बेसवर पोचण्याचं प्रमाण .२३४. चेंडू सोडून देऊन फुकट चालत बेस मिळवणं हा बेसबॉलमधला सगळ्यात कमी कष्टाचा मार्ग, पण त्याचंही या माणसाला वावडं होतं. मी म्हटलं, "अरे, ह्यूस्टनचा आल्टुवे याच्यापेक्षा..."

शेजाऱ्याने मला मध्येच थांबवलं. "तू आकडे काय बघतोस? आकड्यांत माणूस दिसत नाही. ओमर आपला आहे."

जूनच्या मध्याला आकडे आले तेव्हा अमेरिकन लीगच्या नऊ जागांपैकी आठ जागांवर रॉयल्स आघाडीवर होते. नववा होता माइक ट्राउट, त्याला आमच्या गावालाही हलवता आलं नाही. देशभर बोंब झाली. इन्फान्टेचं नाव तर असं काही गाजलं की बिचाऱ्याने काही गुन्हा केला असावा. त्याने एवढंच केलं होतं की तो कॅन्सस सिटीत दुसऱ्या बेसवर उभा राहिला होता. मग आयोजकांनी जाहीर केलं की सहा कोटींहून जास्त मतं बाद केली आहेत.

सासूबाईंनी चहा बाजूला ठेवला. "माझी पण?"

कोणाची बाद झाली ते मतदाराला कळायची सोय नव्हती. पण त्यानंतर घरात कोणी निवडणुकीचा विषय काढला की त्या पदर खोचून सरसावायच्या.

शेजाऱ्याला या आरोपांचं काडीचं वाईट वाटलं नाही. त्याच्याकडे दाखला तयार होता, १९५७चा. त्या वर्षी सिनसिनाटीकरांनी नॅशनल लीगच्या आठ जागांपैकी सात आपल्याच माणसांना दिल्या. तिथल्या वर्तमानपत्राने नावांवर आधीच खुणा केलेल्या मतपत्रिका छापल्या होत्या, वाचकाने कापून पाठवायचा काय तो त्रास. शेवटी बेसबॉलचे कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी गस बेल आणि वॉली पोस्ट यांना सुरुवातीच्या फळीतून काढून विली मेज आणि हँक आरन यांना घेतलं. मेज आणि आरन, या खेळातले दोन दिग्गज! ज्या गावाला या दोघांपेक्षा घरचा पोस्ट बरा वाटला, त्या गावाच्या निष्ठेपुढे मी तरी हात जोडतो. फ्रिक यांनी मात्र हात जोडले नाहीत. लोकांचा मताधिकारच काढून घेतला, तो १९७०ला परत मिळाला. आणि २०१५चा सामना होता कुठे? सिनसिनाटीत! शेजाऱ्याला यात दैवी संकेत दिसला.

अखेर इन्फान्टे हरला, आल्टुवे आला. पेरेझ, एस्कोबार, केन आणि गॉर्डन हे चौघे सुरुवातीच्या फळीत निवडून आले, त्यातला गॉर्डन नेमका जायबंदी झाला. अमेरिकन लीगने सामना ६-३ जिंकला. त्या काळी या सामन्याच्या निकालावर वर्ल्ड सिरीजची सुरुवात कोणाच्या मैदानावर होणार ते ठरायचं, म्हणून ऑक्टोबरमध्ये पहिला सामना कॅन्सस सिटीत झाला. तो चौदा इनिंग चालला, आपण जिंकलो आणि पुढे विजेतेपदही मिळालं. यावरून शेजाऱ्याने काढलेला निष्कर्ष असा: वर्ल्ड सिरीज पस्तीस मतांनी जिंकली. सासूबाईंचा निष्कर्ष वेगळा नव्हता, फक्त त्यात पस्तीस मतं कोणाची हे स्पष्ट केलेलं होतं. पुण्याला परत गेल्यावर त्यांनी हे भिशीत सांगितल्याचं कळलं.

आता काळ बदलला. हल्ली मतदान दोन टप्प्यांत होतं, पहिल्या टप्प्यात रोज पाच मतं, आणि प्रत्येक जागेसाठी पहिले दोघे दुसऱ्या टप्प्यात. मला वाटलं होतं की आता तरी जून शांततेत जाईल. पण २०२५ला अमेरिकन लीगच्या शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या, जागेवर आमच्या बॉबी विट ज्युनियरऐवजी अ‍ॅथलेटिक्स संघाचा जेकब विल्सन निवडून आला. विट राखीव. विल्सन नवखा, पण सरासरीत विटच्या पुढे होता. शिवाय त्याच्या संघाने ओकलंड सोडलंय, लास व्हेगसला अजून पोचलेला नाही, म्हणून सॅक्रामेंटोत कनिष्ठ लीगच्या मैदानावर मुक्काम आणि नावाला गावच नाही. ज्या संघाला गाव नाही त्याला मतदार कुठून मिळाले, हे शेजाऱ्याला कळेना. मलाही कळलेलं नाही, पण मी ते बोलून दाखवलं नाही.

कुंपणावर कोपर आलं. "सरासरी, सरासरी काय करतात हे लोक! वॉर बघ! क्षेत्ररक्षण बघ, पळणं बघ! आकडे समोर असताना माणसं डोळे मिटून मत कसं देतात?"

वॉर म्हणजे साध्या बदली खेळाडूपेक्षा या माणसाने संघाला किती सामने जास्त जिंकून दिले त्याचा हिशेब. हा हिशेब तो टपालाच्या पिनकोडसारखा घडाघडा म्हणत होता. माझी मुलगी तिथेच उभी होती. तिने अत्यंत निरागसपणे विचारलं, "मग ओमर इन्फान्टेचा वॉर किती होता?"

तो तडक टोमॅटोकडे वळला.

ऑफिसात वेगळंच. फिलाडेल्फियाचा एक सहकारी मीटिंगच्या सुरुवातीची दहा मिनिटं जेकब मिझिओरोव्स्कीवर खर्च करायचा. मिलवॉकीचा हा उंचच उंच पोरगा ताशी शंभर मैलांच्या वर चेंडू टाकतो, पण मोठ्या लीगमध्ये त्याने जेमतेम पाच सामन्यांत सुरुवात केली होती आणि तेवढ्यावर त्याला बदली म्हणून ऑल-स्टारला घेतलं. "पाच!" सहकारी पंजा दाखवायचा, "आणि आमचा सांचेझ घरी!" मी विचारलं की मिझिओरोव्स्की फिलाडेल्फियाचा असता तर? तो म्हणाला, तर गोष्ट वेगळी, गुणवत्तेला वय नसतं.

एवढं सगळं होऊन अटलांटात सामना झाला आणि नऊ इनिंगनंतर ६-६ असा बरोबरीत सुटला. नव्या नियमानुसार मग दोन्हीकडच्या तिघातिघांनी तीन-तीन फटके मारून होम रनवर निकाल लावायचा. इतिहासात पहिल्यांदाच. काइल श्वार्बरने तिन्ही चेंडू मैदानाबाहेर धाडले आणि नॅशनल लीग जिंकली. श्वार्बर, स्टोवर्स, रूकर, अरोझारेना, अरांडा. या पाचांपैकी एकालाही लोकांनी निवडून दिलेलं नव्हतं. ज्यांच्यासाठी महिनाभर कुंपणं झिजली, ते तोवर सामन्यातून बाहेर गेलेले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर पाणी घालायला गेलो. उपयोग झाला नाही.

"आपल्या विटला का नाही पाठवलं फटके मारायला?"

"ती नावं मॅनेजरने आधीच दिलेली होती."

"मॅनेजर कोण होता?"

"आरन बून."

"यँकीजचा?" त्याने कोपर उचललं, समाधानाने मान हलवली आणि बायकोला हाक मारली, "मी तुला काल काय सांगत होतो? न्यूयॉर्क!"