तळघरातल्या भिंतीबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

फोंड्याच्या तुमच्या घराच्या कामाला तुम्ही एकच स्टार दिलात. एक भिंत काढायला महिना घालवला, जॅकचं भाडं लावलं आणि गर्डरमुळे तळघराची उंची कमी झाली, असं लिहिलंत. दुसरा एक जण दोन दिवसांत भिंत पाडून देत होता, हेही लिहिलंत. ते वाचून काळजी वाटली, कारण आपल्याकडे उतारावरच्या जुन्या घरांत अशी तळघरं पुष्कळ आहेत.

ती भिंत नुसत्या आडोशाची नव्हती. वरच्या हॉलची चिऱ्यांची (जांभ्या दगडाची) भिंत नेमकी तिच्यावर उभी आहे आणि छपराचा भार त्या भिंतीवर. गिलावा काढल्यावर सांध्यांतून लाल माती निघाली, बोट लावताच भुगा होणारी. असली भिंत घणाने फोडायला घेतली की चिरे एकामागून एक सुटतात, आणि वरचं किती खाली येईल याचा नेम नसतो. म्हणून आधी आरपार आडवे गर्डर घालून दोन्हीकडे जॅक लावले, वरचा भार त्यांच्यावर घेतला आणि मगच भिंतीला हात लावला.

काढलेल्या भिंतीच्या जागी वरचा भार कायम पेलणाऱ्या मुख्य गर्डरची टोकं सरळ चिऱ्यांवर टेकवता येत नाहीत. भारतीय मानकाप्रमाणे चिऱ्याची किमान ताकद ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, तर एम-२५ प्रतीच्या काँक्रीटची २५. म्हणून दोन्ही टोकांना नवा पाया आणि काँक्रीटचे खांब घेतले. काँक्रीटला मुरायला दिवस द्यावेच लागतात. तुम्हाला काम बंद वाटलं, त्या दिवसांत अख्खं ओझं जॅकवर होतं. त्यांचं भाडं कोटेशनमध्ये वेगळं लिहिलेलं आहे.

राहिली उंची. २५० मिलिमीटरऐवजी १५० चा गर्डर टाकला असता तर चार इंच वाचले असते खरे, पण तेवढ्याच वजनाखाली तो साधारण सातपट वाकला असता. हॉलच्या भिंतीला तडे गेले असते.

हॉलच्या भिंतीवरची जुनी भेग वाढते का हे कळावं म्हणून तिच्यावर आम्ही प्लास्टरच्या पट्ट्या लावून तारीख घातली आहे. जॅक काढल्यावरही त्या तडकल्या नाहीत. रंगारी आला तरी येता पावसाळा संपेपर्यंत त्या खरवडू देऊ नका. पाऊस ओसरला की आम्ही येऊन पाहून जाऊ. त्याचे पैसे घेणार नाही.