रस्ता आपलाच आहे, बिनधास्त लावा

सर्वप्रथम अभिनंदन. नवी चारचाकी आली, हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं, सोसायटीत पेढे वाटले. आता ही रात्री उभी कुठे राहणार, असं एखादा नतद्रष्ट शेजारी विचारेल. त्याला हसून समोरचा रस्ता दाखवा.

पुढेमागे कोणी वाद घातलाच तर हिशेब माहीत असलेला बरा. एका मोटारीला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात, म्हणजे जवळजवळ १३५ चौरस फूट. पुण्यात सदाशिव पेठेतली दहा बाय बाराची खोली भरते १२०. त्या खोलीचं भाडं विद्यार्थी दरमहा मोजतो, अनामत आधी भरतो, शिवाय दहाच्या आत घरात, मित्र आणायचे नाहीत, पाणी सकाळीच, हे सगळं खाली मान घालून ऐकतो. तुमच्या गाडीला त्याहून मोठी जागा, तीही रस्त्यालगत. भाडं नाही, अनामत नाही, रात्री दोनला आली तरी कोणी कडी लावत नाही. असा भाडेकरू पेठेत दुसरा नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात जागेच्या किमतीला साजेसं पार्किंग शुल्क घ्यावं असं लिहून ठेवलंय. पण दिल्लीत बसून काय वाट्टेल ते लिहितात, त्यांनी शनिपाराचा चौक पाहिलाय का?

आता लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला निघा. मंडईजवळ आर्यन, मिनर्वा असे वाहनतळ आहेत, तिकडे मुळीच फिरकू नका. तिथे पैसे पडतात, आणि नंतर चालावं लागतं. पंचवीस हजारांची पैठणी घ्यायला निघालेल्या माणसानं गाडी लावायला सुटे पैसे उधळायचे म्हणजे काय! त्यापेक्षा शनिपाराला एक प्रदक्षिणा घाला. जागा नाही मिळाली तर दुसरी. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू दे. तेही जागाच शोधतायत. तिसऱ्या फेरीला दुकानासमोर दुसऱ्या रांगेत गाडी उभी करा, चारही इंडिकेटर लावा आणि काकूंना आत बसवून ठेवा. आत माणूस बसलं की गाडी लावलेली नसते, थांबलेली असते. दोनच मिनिटं.

अमेरिकेत डोनाल्ड शूप नावाचे एक प्राध्यापक होते. रस्त्यावरच्या पार्किंगचा दर असा ठेवा की शंभरातल्या पंधराएक जागा कायम रिकाम्या राहतील, म्हणजे कोणाला फेऱ्या माराव्या लागणार नाहीत, असं ते आयुष्यभर सांगत राहिले. सॅन फ्रान्सिस्कोनं २०११ पासून मागणी पाहून दर वरखाली करून बघितलेसुद्धा. (जिथे गाड्या कमी होत्या तिथले दर खाली आले. हे मात्र इथे कोणाजवळ बोलू नका, नाहीतर विरोध करायला काय उरेल?)

तुम्ही दुकानदार असाल तर तुमची जबाबदारी मोठी. सकाळी दुकान उघडताना स्वतःची स्कूटर दारातच लावा, तिच्या शेजारी कामावरच्या पोरांच्या. या स्कूटर रात्री शटर पडेपर्यंत हलता कामा नयेत. मग दिवसभर, गिऱ्हाइकाला लावायला जागाच नाही, धंदा बसला, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगा. वाहनतळ वाढवा म्हणून निवेदन द्या. ते वाढले की आणखी गाड्या येतील, की पुन्हा निवेदन. स्वतःची इमारत बांधाल तेव्हा नकाशात पार्किंगचा मजला जरूर दाखवा. गोडाऊन कुठेतरी काढायला हवंच ना.

सम-विषम तारखांना रस्त्याच्या कुठल्या बाजूला लावायचं ते सांगणाऱ्या पी-१, पी-२ च्या पाट्यांकडे लक्ष देऊ नका. आज सम तारीख की विषम, हा प्रश्न टोइंगचा टेम्पो वळणावर दिसल्यावरच विचारायचा असतो.

आणि शुल्काचं नाव निघालं की रस्त्यावर उतरा, तो मोकळा असेल तर. मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या सभेनं पार्किंग धोरण मंजूर केलं होतं. एवढा गदारोळ झाला की ते पाच रस्त्यांवर प्रयोग म्हणून करू, इथपर्यंत आक्रसलं, आणि त्या पाच रस्त्यांचीही पुढे वर्षानुवर्षं नुसती चर्चा झाली. एरवी एका आळीतल्या दोन मंडळांचं पटत नाही. पण इथे उजवे-डावे, सत्ताधारी-विरोधक, झाडून सगळे एक. असं ऐक्य जपायला हवं. आता नवं संकट म्हणजे, जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नको, असं परिवहनमंत्री प्रताप सरनाईक २०२५ मध्ये बोलून बसले. जपानात १९६२ पासून असाच कायदा आहे म्हणे. पण जपानी माणसाला मेहुण्याच्या प्लॉटचा दाखला जोडणं सुचत नसावं.

मेट्रोचं कौतुक अवश्य करा. सप्टेंबर २०२४ पासून ती थेट मंडईत जमिनीखालून जाते, गाडी न्यायची गरजच नाही. ती इतरांनी वापरली की आपल्याला वर जागा होते.

राहता राहिला ११ डिसेंबर. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम ते गरुड गणपती हा पट्टा पादचारी दिनासाठी वाहनांना बंद असतो. रस्त्याच्या मधोमध माणसं चालतात, पोरं खेळतात. मुलाबाळांना घेऊन जरूर जा, फोटो काढा. गाडी नारायण पेठेत कोणाच्या तरी फाटकासमोर लावा. हवा सोडण्यात येईल अशी पाटी असेल, पण स्टेपनी आहे की डिकीत.